मटकीला ताप येतो का? बियांचं श्वसन वर्गात मोजायची पद्धत, आमच्या चुकांसकट

मोड आणायला फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीत सकाळी सकाळी हात घालून बघा. बाहेरून फडकं गार लागतं, ओलं असतं ना, पण बोटं मधोमध गेली की आत चक्क कोमट. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला हे माहितीये आणि कोणी त्याचा विचार करत नाही. मी दहावीला विज्ञान आणि अकरावीला बायोलॉजी शिकवते, आणि श्वसनाच्या धड्याची सुरुवात फळ्यावर समीकरण लिहून करायचं मी कधीच सोडून दिलं, त्याऐवजी डबाभर मोड आलेली मटकी वर्गात फिरवते. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी म्हणते मटकीला ताप आलाय, म्हणजे झाली आता." वर्ग हसला. मी म्हटलं हसू नका, थर्मामीटर लावून बघूच.

बीच का घ्यायचं, हे आधी. पोरांना विचारा झाडं श्वसन करतात का, उत्तर ठरलेलं, "हो, रात्री." दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन अशी कारखान्यासारखी शिफ्ट ड्युटी त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, त्यात "रात्री पिंपळाखाली झोपू नये" ची भर. पान घेऊन प्रयोग केला तर उजेडात प्रकाशसंश्लेषण एवढं जोरात चालतं की श्वसन झाकलं जातं. नुकतं रुजलेलं बी मात्र सरळ असतं, हिरवं काही नाही, खाणं बीजपत्रात भरून ठेवलेलं, दिवसरात्र फक्त जाळायचं काम. म्हणून मोड अर्धा-एक सेंटिमीटरचे असतानाच प्रयोग उरका, टोकाला हिरवी पानं डोकवायला लागली की घोळ झाला, मग बाटलीला काळा कागद गुंडाळावा लागतो.

दहावीच्या पुस्तकात ग्लुकोज-विघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी सगळं आहे आणि पोरं ते घडाघडा म्हणतातही. पण तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या आतलं आपल्याला शाळेत दिसणार नाही. बाहेरून कळतं ते एवढंच की ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो आणि उष्णता सुटते. या तीन गोष्टींचे तीन प्रयोग, तिन्ही खाली देते, त्यातला ऑक्सिजनवाला सगळ्यात कटकटीचा आणि सगळ्यात मजेचा, म्हणून जागा त्यालाच जास्त.

त्याआधी एक गोष्ट सांगते कारण तिच्यामुळे माझी हा प्रयोग करायची पद्धतच बदलली. दोन थर्मास, एकात मोडाची मटकी, दुसऱ्यात उकळलेली मटकी. पहिले दोन दिवस पुस्तकात लिहिल्यासारखं झालं, जिवंत मटकीचा पारा चढला, मेलेलीचा जागेवर. तिसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या मटकीचा थर्मामीटर जिवंत मटकीच्याही वर! पोरं माझ्याकडे बघतायत, मी थर्मामीटरकडे. बूच काढलं आणि जो वास आला त्यातच उत्तर होतं, मटकी कुजली होती. बी मेलं होतं पण त्यावर बॅक्टेरिया मजेत जगत होते, त्यांचंही श्वसनच की ते, आणि शिजवलेली मटकी म्हणजे त्यांना आयतं जेवण. तेव्हापासून माझा नियम असा की मेलेल्या बियांची बाटली जिवंत बियांच्या बाटलीपेक्षा जास्त काळजीने तयार करायची. पोरांना वाटतं कंट्रोल, म्हणजे ही तुलनेसाठी ठेवलेली बाटली, म्हणजे जर्नलमध्ये एक रकाना वाढवायला केलेली फालतू बाटली. मी उलटं सांगते, जिवंत मटकी गरम होणार हे आजीला आधीच माहीत आहे, आपण शाळेत बसून जे करतोय ते सगळं त्या दुसऱ्या बाटलीत आहे.

बी निवडणं आणि मोड आणणं

मटकी किंवा मूग घ्या, चवळीही चालते. हरभरा मोठा असल्याने मोजायला सोपा पण भिजायला वेळ घेतो. किराणा दुकानातून आणलेलं कडधान्य जुनं असू शकतं, म्हणून आठवडाभर आधी २० दाणे ओल्या कापडात ठेवून किती रुजतात ते बघा, १८ रुजले तर उत्तम, १० रुजले तर दुसरं दुकान. कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं अजिबात आणू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, रंग येतो तो त्याचाच, आणि पोरांचे हात तोंडात जातात. डाळ आणू नका हे सांगायची गरज नसावी, पण एकदा एका ग्रुपने मुगाची डाळ भिजवून आणली होती आणि दोन दिवस मोडाची वाट बघत होते.

वेळेचं गणित असं, सोमवारी प्रॅक्टिकल असेल तर शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधायची, सोमवारी सकाळपर्यंत मोड तयार. हे उन्हाळ्या-पावसाळ्याचं. थंडीत नाशिककडे किंवा घाटमाथ्यावर असाल तर अजून एक दिवस धरा, नाहीतर भांडं उबेला ठेवा. आठ-दहा तासांच्या वर पाण्यात बुडवून ठेवू नका, बियांना हवा मिळत नाही आणि आंबूस वास सुटतो. तो वास का येतो ते शेवटी येईलच.

सगळे तीन ढीग लागतात. एक मोड आलेलं, एक तसंच कोरडं, एक मारलेलं. मारलेलं म्हणजे भिजवलेली मटकी पाण्यात १० मिनिटं खळखळ उकळायची, कुकरला दोन शिट्ट्या काढल्या तर अजून बरं, मग पूर्ण गार करायची. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट असताना थर्मासात घातली तर पहिलं रीडिंगच खोटं. मग साध्या घरगुती ब्लीचमध्ये पाचपट पाणी घालून त्यात १० मिनिटं बुडवून उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची. आणि हे महत्त्वाचं, जिवंत मटकीलाही तेच ब्लीच, तेवढाच वेळ, तसंच तीन-चार पाण्यांनी धुणं, नाहीतर उद्या कोणीतरी हुशार पोरगं विचारेल की मॅडम फरक उकळल्याचा की ब्लीचचा, आणि त्याचं बरोबर असेल. जुन्या पुस्तकांत यासाठी फॉर्मॅलिन लिहिलेलं असतं, वर्गात ते नको, डोळे-नाक जळतात आणि तब्येतीला वाईट आहे.

थर्मासचा प्रयोग

दोन सारखे थर्मास, अर्ध्या लिटरचे पुरतात. पाऊण भरून मटकी, थर्मामीटरचं टोक बियांच्या मधोमध, तोंडाला कापसाचा बोळा. रबरी बूच लावू नका, बियांना हवा लागते. थर्मास उलटा, तोंड खाली करून स्टँडला अडकवायचा. पोरं विचारतात उलटा का, तर कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो कापसातून खाली निघून जातो आणि गरम हवा वर आतच राहते, दोन्ही कामं होतात. थर्मामीटर मात्र असा लावा की बाहेर आलेल्या दांडीवर आकडे वाचता येतील, आम्ही पहिल्या वेळी एवढा आत घातला की रीडिंग घ्यायला दर वेळी ओढून काढावा लागायचा आणि तेवढ्यात पारा खाली.

सकाळ-दुपार-शाळा सुटताना रीडिंग, तीन दिवस, शिवाय तिसरा थर्मामीटर खोलीच्या तापमानासाठी बाहेर लटकवलेला. मटकी काही डिग्रीनी वर जाते, किती ते थर्मास किती चांगला आणि मटकी किती यावर. २ डिग्री चढला तरी प्रयोग यशस्वी, पुस्तकातल्या आकड्याशी जुळवायला बसू नका. दुसऱ्या दिवसानंतर कुजायचा धोका वाढतो, म्हणून निष्कर्ष पहिल्या ४८ तासांवर काढायचा आणि तिसऱ्या दिवसाचं रीडिंग मुद्दाम घ्यायचं, चढलं तर पोरांनाच विचारायचं का चढलं. माझ्या त्या फसलेल्या वर्षाचा तक्ता मी अजून जपून ठेवलाय, दरवर्षी तो फळ्यावर काढते.

उष्णता कुठून आली याला थोडा हिशोब द्या. एक मोल, म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळलं तर सुमारे २८७० किलोज्यूल ऊर्जा सुटते. त्यातली साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के एटीपीत, म्हणजे पेशी ज्या रेणूत ऊर्जा साठवून वापरते त्यात, बांधली जाते, उरलेली सरळ उष्णता. पोरांना हे ऐकून वाईट वाटतं, "एवढी वाया?" गावाकडच्या पोरांना लगेच पटवायचं असेल तर ओल्या सोयाबीनच्या ढिगाची आठवण करून द्या, पावसात भिजलेला ढीग आतून तापतो हे त्यांनी घरी बघितलेलं असतं, त्यात बीही असतं आणि बुरशीही. म्हणजे माझा कुजलेला थर्मासच, फक्त खळ्यावरचा.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग

हा सगळ्यात सोपा म्हणून सगळ्यात निष्काळजीपणे होतो. निवळी विकत आणायची गरज नाही, पानपट्टीवरचा चुना आणा, चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून बाटली गच्च बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी हळूच ओतून गाळून घ्या. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणून जास्त टाकून काही फायदा नाही, तळाशीच बसणार. बाटली काठोकाठ भरून ठेवायची, अर्धी ठेवली तर वरच्या हवेनेच पांढरी साय धरते.

रुंद तोंडाच्या तीन बरण्या घ्या. प्रत्येकीत तळाला छोट्या वाटीत निवळी, वर मलमलच्या कापडात बांधून लटकवलेली मटकी, झाकण घट्ट, कडेला व्हॅसलीन. एकीत जिवंत, एकीत मारलेली, आणि तिसरीत फक्त ओलं कापड, मटकीच नाही. ही तिसरी बहुतेक जण ठेवत नाहीत आणि मग फसतात, कारण हवेतही कार्बन डायऑक्साइड असतोच, शिवाय झाकण लावताना आपण तोंड जवळ नेऊन श्वास सोडतो. एका बॅचला रिकामी बरणीच सगळ्यात आधी दुधाळ झाली, का तर पोरगं आत वाकून "एको येतो का" बघत होतं.

काही तासांत जिवंतवाली निवळी पांढुरकी होते, कॅल्शियम कार्बोनेटचा साका. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची असेल तर लक्षात असू द्या, कार्बन डायऑक्साइड फारच झाला तर तोच साका परत विरघळू शकतो आणि निवळी पुन्हा स्वच्छ दिसते. सकाळी येऊन "मॅडम, काहीच झालं नाही" म्हणणाऱ्या ग्रुपला आदल्या संध्याकाळचा मोबाईलमधला फोटो दाखवा. दर दोन तासांनी फोटो काढायचा, काळ्या कागदासमोर धरून, पांढरेपणा काळ्यावर कळतो.

आता खरं काम, ऑक्सिजन मोजणं

इथे दोन तास सलग लागतात, ३५ मिनिटांत होणार नाही, पीटीच्या सरांशी गोड बोलून त्यांचा तास घ्या.

कल्पना अशी. बंद नळीत मटकी ऑक्सिजन ओढते आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे आतल्या हवेचं आकारमान जवळजवळ तेवढंच राहणार आणि आपल्याला काहीच दिसणार नाही. म्हणून आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवायचं, ते कार्बन डायऑक्साइड गिळून टाकतं. मग कमी झालेली हवा म्हणजे ओढलेला ऑक्सिजन. कॉलेजच्या कपाटात गॅनाँगचं रेस्पिरोमीटर असेल तर दाखवायला काढा, पण चाळीस पोरांच्या वर्गात एक उपकरण म्हणजे चार जण बघणार आणि छत्तीस जण मोबाईल. त्यापेक्षा हे करा.

एका सेटला तीन मोठ्या बॉइलिंग ट्यूब, एक छिद्राची रबरी बुचं तीन, आणि ०.०१ मिलीच्या खुणा असलेले १ मिलीचे तीन पिपेट. पिपेटची तोंडाकडची बाजू बुचातून आत, निमुळतं टोक बाहेर. काच बुचात घालताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, पिपेट फडक्यात धरा आणि बुचाजवळच धरा, लांबून दाब दिला की मोडतो आणि तळहातात घुसतो. हे काम पोरांना देऊ नका, आदल्या दिवशी स्वतः करून ठेवा. बसल्यावर सांध्याला एमसील.

नळीच्या तळाशी मेडिकलमधल्या कापसाचा छोटा बोळा, त्यावर ड्रॉपरने १ मिली १५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, नळीच्या भिंतीला न लावता. त्यावर कोरड्या कापसाचा थर, आणि हा कापूस मेडिकलमधला नको, तो पाणी शोषतो, शेतातला सरकी काढलेला कच्चा कापूस घ्या, त्याला नैसर्गिक मेण असतं, लवकर भिजत नाही. विदर्भातली पोरं मूठभर आणतात, बाकीच्यांनी गादीवाल्याकडे विचारावं. द्रावण मटकीला लागलं तर मटकी मरते आणि तुम्ही तासभर मेलेल्या बियांचं श्वसन मोजत बसता. पोटॅशियम हायड्रॉक्साइड नाहीच मिळालं तर कॉस्टिक सोड्याचं द्रावण चालतं. दोन्ही कातडी भाजतात, डोळ्याला तर फारच वाईट, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे, उडालंच तर नळाखाली १५ मिनिटं नुसतं पाणी, लिंबू-व्हिनेगर चोळायचं नाही. द्रावण करताना पाण्यात गोळ्या थोड्या थोड्या टाकायच्या, गोळ्यांवर पाणी नाही, बीकर चांगलाच तापतो.

आता बिया. इथे नुसतं वजन सारखं करून चालत नाही, कारण भिजलेली मटकी फुगलेली असते. नळीत उरलेली हवा तिन्हींत सारखी हवी, म्हणून बियांचं आकारमान सारखं करायचं. ५० मिलीच्या मोजपात्रात २५ मिली पाणी, त्यात मोडाची मटकी टाकत पातळी ४० वर आणा, झालं १५ मिली मटकी. दुसऱ्यासाठी तेवढेच दाणे कोरडी मटकी मोजून टाका, पातळी कमी येईल, उरलेली जागा काचेच्या मण्यांनी भरून ४० वर आणा, आणि लगेच टिपून कोरडी करा, नाहीतर ती तिथेच भिजायला लागेल. तिसऱ्या नळीत फक्त मणी, १५ मिली. मणी कुठले तर पोत ओवायला मिळतात ते छोटे काचेचे, आमच्याकडे काळे आहेत आणि दरवर्षी कोणीतरी "मॅडम, मंगळसूत्र तुटलं का" विचारतंच.

ही मण्यांची नळी हीच इथली दुसरी बाटली. ती का लागते ते आकड्याने दाखवते. नळीत साधारण ४० मिली हवा आहे असं धरा. तापमान १ डिग्रीने चढलं तर हवा सुमारे तीनशेव्या भागाने फुगते, म्हणजे ०.१३ मिली. आणि मटकी २० मिनिटांत ओढणार कदाचित ०.६-०.७ मिली. म्हणजे पंखा बंद झाला, ढग बाजूला सरकून टेबलावर ऊन आलं, एवढ्याने तुमच्या उत्तरात पाचव्या हिश्श्याची चूक. एकदा एका ग्रुपच्या पिपेटमध्ये पाणी आत यायच्याऐवजी टोकातून बुडबुडे बाहेर! तो म्हणे आमची मटकी ऑक्सिजन सोडतेय. बघितलं तर त्यांच्यातल्या एकाने ट्यूब हलू नये म्हणून मुठीत धरली होती, हाताच्या उबेने हवा फुगली होती. तेव्हापासून ट्यूब पाण्यात ठेवल्यावर हात पाठीमागे.

बूच घट्ट, कडेला व्हॅसलीन. ट्यूब पाण्यात तरंगू नये म्हणून लोखंडी वॉशर रबरबँडने बांधा. प्लॅस्टिकचा मोठा ट्रे, त्यात सकाळपासून भरून ठेवलेलं पाणी, नळाचं ताजं नको, ते गार असतं. तिन्ही ट्यूब आडव्या ठेवायच्या पण पिपेटची टोकं चिकटपट्टीच्या झोळीवर पाण्याबाहेर. असं १० मिनिटं, आतली हवा पाण्याच्या तापमानाला यावी म्हणून. ही १० मिनिटं पोरांना सहन होत नाहीत. मग टोकं एकदम पाण्यात सोडायची, टोकाशी खायच्या रंगाचा एक थेंब, म्हणजे आत शिरलेलं पाणी रंगीत दिसतं. मिनिटभरात पातळी स्थिर झाली की ते शून्य मिनिटाचं रीडिंग, आणि पुढे दर ५ मिनिटांनी २० मिनिटांपर्यंत. रंगीत रेघ पिपेटमध्ये सरकताना पहिल्यांदा दिसते तेव्हा मागच्या बाकावरचेही उठून येतात.

रेघ पहिल्या मिनिटात सर्रकन आत गेली तर श्वसन नाही, बूच गळतंय, पिपेट बाहेर काढा आणि परत बसवा. १० मिनिटांतच पिपेट भरत आला तर मटकी कमी करा.

हिशोब करून दाखवते, आकडे उदाहरणाचे. मोडाच्या मटकीच्या नळीत २० मिनिटांत ०.७० मिली पाणी आत आलं, मण्यांच्या नळीत ०.०६. मण्यांनी काही खाल्लेलं नाही, म्हणजे ते हवामानाचं, वजा करा, ०.६४ मिली. मटकीचं वजन १६ ग्रॅम असेल तर २० मिनिटांत ग्रॅमला ०.०४, तासाला ग्रॅममागे ०.१२ मिली ऑक्सिजन. मण्यांच्या नळीत पाणी उलट बाहेर ढकललं गेलं असेल तर तो आकडा मिळवायचा, इथे वजाबाकीचं चिन्ह हमखास चुकतं, एक उदाहरण फळ्यावर कराच.

कोरड्या मटकीच्या नळीत जवळजवळ काहीच होत नाही आणि पोरं लिहितात "कोरडे बी मृत असते". लिहू देऊ नका. विचारा, मेलेलं असेल तर काल फडक्यात बांधल्यावर जिवंत कसं झालं? ते जिवंतच असतं, पाणी कमी असल्याने श्वसन इतकं मंद की १ मिलीच्या पिपेटवर दिसत नाही. मात्र साठा मोठा आणि महिने बरेच असले की तेही जाणवतं. ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, उघडल्यावर जुनी माणसं लगेच आत उतरू देत नाहीत, आधी वारं जाऊ देतात, कारण आत धान्याने, किड्यांनी, बुरशीने मिळून ऑक्सिजन संपवलेला असतो. हे सांगितल्यावर वर्ग जरा शांत होतो.

वेळ असेल तर पुढचं

तापमानाचा परिणाम बघायचा असेल तर तोच सेट थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पाण्यात १० डिग्रीला, दुसरा साध्या पाण्यात, तिसरा कोमट पाण्यात ४० च्या आत. प्रत्येक तापमानाला मण्यांची वेगळी नळी, आणि इथे १० नाही, १५-२० मिनिटं थांबा, फरक मोठा असतो. १० ते ३० च्या पट्ट्यात १० डिग्री वाढली की वेग साधारण दुप्पट होतो, तुमचा दीडपट आला तरी ठीक. एका ग्रुपला एकच तापमान द्या आणि शेवटी सगळ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र करा, साठ पोरांच्या वर्गात हाच मार्ग.

अकरावीला श्वसन गुणांकही, म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन, करून घेता येतो, फक्त एक नळी वाढवायची, तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडऐवजी साधं पाणी. त्या नळीत दिसतो तो ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यातला फरक. समजा भिजवून रुजवलेल्या शेंगदाण्याला द्रावणाच्या नळीत ०.८० आणि पाण्याच्या नळीत ०.२४ आलं, तर कार्बन डायऑक्साइड ०.५६, भागिले ०.८०, गुणांक ०.७. तेल जळताना ०.७ च्या आसपास, पिठूळ पदार्थाला १. गहू आणि शेंगदाणा शेजारी शेजारी ठेवले की फरक दिसतो. नुकतंच भिजलेलं, साल न फाटलेलं कडधान्य घेतलं तर गुणांक १ च्या वर जाऊ शकतो आणि पोरं घाबरतात की चुकलं. चुकलेलं नसतं, सालीतून ऑक्सिजन पुरेसा आत जात नाही म्हणून बी काही वेळ विनॉक्सिश्वसनावर चालतं, ऑक्सिजन न घेताच कार्बन डायऑक्साइड सोडतं. जास्त वेळ बुडवलेल्या मटकीला येतो तो आंबूस वास याचाच, थोडं अल्कोहोल आणि सोबत बॅक्टेरिया.

विनॉक्सिश्वसनाचा जुना प्रयोग पाऱ्यावर उपडी नळी ठेवून करायचे, पारा वर्गात आणूच नका. २० मिलीच्या सिरिंजमध्ये भिजवून सोललेले सात-आठ हरभरे, उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ, बुडबुडा एकही नाही, टोक बंद. दुसऱ्या दिवशी वर गॅस जमलेला दिसतो आणि दट्ट्या मागे सरकतो. सोबत उकळलेल्या हरभऱ्याची सिरिंज, अर्थातच.

जर्नलमध्ये मी "निष्कर्ष" च्या आधी एक प्रश्न सक्तीचा केलाय: तुमच्या दुसऱ्या बाटलीत काय घडलं आणि का? "काहीच नाही" लिहिणाऱ्याला अर्धे मार्क, कारण बारकाईने बघितलं तर काहीतरी घडलेलंच असतं.

आवरताना सगळ्यात आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा कापूस चिमट्याने काढून भरपूर पाण्यात बुडवा, नुसता कचऱ्यात टाकला तर सफाईच्या मावशींचे हात भाजतील. मटकी कितीही छान दिसली तरी उसळ करायची नाही, खत करा. मणी धुवून वाळवून डब्यात. आणि थर्मास स्टाफरूमचा आणला असेल तर परत करू नका, ब्लीचने दोनदा धुवून, उन्हात वाळवूनही तो वास जात नाही, मी परत केला होता आणि आठवडाभर सगळ्यांच्या चहाला मटकीचा वास येत होता, शेवटी नवा घेऊन द्यावा लागला.